चाकाची खांदमळणी

१४ ऑगस्ट, गुरुवार

उत्तरा सांगून गेलीय, "आजी, हे माइकाचं चित्र दाबायचं आन् बोलत सुटायचं. लिहायचं काम फोनचं. तारीखबी तोच टाकतो." उत्तरा माझी नात, नांदेडला शिकायलीय. जाताना तिचा जुना फोन मला देऊन गेली. दिवाळीला येऊन वाचणार म्हणे. तवर यातलं मलाच काही वाचता यायचं न्हाई. म्हणजे पेटी माझी आन् किल्ली तिची.

मी चतुराबाई, राहणार बोरी. अक्षराची आन् माझी कधी सोयरीक जुळली न्हाई. पर आता मी बोलायलेय तशी काचेवर काळ्या मुंग्यांची रांग निघायलीय. मी थांबले की मुंग्या थांबतेत. मगाशी खोकले, तर एकबी हलली न्हाई. खोकला कुठला आन् बोलणं कुठलं, एवढं या काचेला कळतं. माझा पोरगा सूर्यभान पन्नाशी उलटून बसला, त्याला माझं बोलणं अजून खोकलाच वाटतो.

आज घरात चाकांवरून वाजलं. आमचा योगीराज, उत्तराचा थोरला भाऊ, त्यानं गाडीला नवी चाकं घेतलीत. मॅग व्हील म्हणतेत. गाडी जुनीच, मागल्या दसऱ्याला कुणाची तरी वापरलेली आणली. बैल त्याच्या आधीच इकले. आता नांगरट शेजारच्या मुंजाजीच्या ट्रॅक्टरवर होते आन् गोठ्यात गाडी उभी राहते.

चाकं कशापायी, तर येत्या आठवड्यात मानवतला पोरगी बघायला जायचंय. शेती करणाऱ्या पोराला आजकाल पोरगी कोण देतं? पाव्हणे येतेत, पोहे खातेत, "कळवतो" म्हणतेत आन् त्यांचा फोनच लागत न्हाई. पोरगा दर वेळेला नवा सदरा घालतो आन् काढून परत घडी करून ठेवतो. ती घडी मला बघवत न्हाई.

सूर्यभान म्हणला, "चाकं बघून कोण पोरगी देतंय?"

मी म्हणलं, "तुला दिली होती की. तुझ्या सासऱ्यानं आपल्या बैलांच्या शिंगावरच्या पितळी शेंब्या बघूनच होकार दिला. तुझ्या तोंडाकडं त्यानं बघितलंच न्हाई, म्हणून जमलं."

कमल, म्हणजे सूर्यभानची बायको, चुलीपुढं तोंडाला पदर लावून बसली. योगी मला म्हणला, "आजी, तू बरोबर चल चाकाचे नट घ्यायला. शेंब्यांची पारख तुलाच हाय."

१७ ऑगस्ट, रविवार

जिंतूरला जाऊन आले. लय थकले, पर बोलल्याशिवाय झोप यायची न्हाई.

चाकाच्या दुकानाचा मालक महारुद्र. नाव केवढं आन् माणूस केवढा, माझ्या खांद्याला लागतो. त्याच्या दुकानात भिंतीवर चाकंच चाकं टांगलेली. देवळात शिरताना आपण चप्पल काढतो, तशी मी पायरीशी काढली. तो हसला न्हाई, त्यानंबी काढलेलीच होती.

मला वाटलं होतं, जुने नट काढायचे आन् नव्या चाकाला तेच पिळायचे. महारुद्रनं योगीचा जुना नट हातात घेतला आन् माझ्या तळव्यावर ठेवला. "आजी, याच्या बुडाला बोट लावा."

लावलं. बुड गोल, सुपारीसारखं. मग त्यानं दुसरा नट दिला. त्याचं बुड निमुळतं, भोवऱ्यासारखं.

"आता चाकाच्या भोकात बोट घाला."

भोक होतं नरसाळ्यासारखं. वर रुंद, आत अरुंद. त्यानं खडू घेतला, दोन्ही नटांच्या बुडाला फासला आन् एकेक त्या भोकात दाबून फिरवून काढला. निमुळत्याचा खडू सगळीकडून पुसलेला. गोल बुडाच्या नटाला मात्र पुसल्याची बारीक रेघ, दोऱ्याएवढी. बाकी खडू जिथल्या तिथं.

"बघा," तो म्हणला, "वरून दोन्ही घट्ट दिसतेत. पर हा नुसता दोऱ्यावर बसलाय. शंभर मैल जाईल, दोनशे जाईल. एक दिवस ढिला होईल आन् चाक तुमच्या पुढं पळंल."

मी कितीतरी वेळ तो नट हातात घेऊन बसले. बोरापेक्षा थोरला, लिंबापेक्षा धाकटा. असे चार चार जण एका चाकाला धरून. आमच्या बैलगाडीच्या चाकाला आसात एक खीळ असायची, ती दिसायची, हलली तर वाजायची. इथं सगळं आत, बुडाखाली, डोळ्याआड. आन् त्याच्या भरवशावर सगळं घर आत बसून गाणी ऐकत जातं. देवावर तरी एवढा भरवसा कोण टाकतं? त्याला आपण रोज उठून आठवण करून देतो.

मग आटे बघायचे. महारुद्र म्हणला, "नट आधी नुसत्या बोटानं फिरवायचा. शेवटपर्यंत बोटानं गेला तर आटे जुळले. पहिल्याच फेऱ्याला पाना लागला तर समजायचं, हे याचे आटे न्हाईत."

मी म्हणलं, "सोयरिकीसारखंच हाय की."

"सोयरिकीत लोक पहिल्यापासूनच पाना लावतेत, आजी."

योगीचे कान लाल झाले.

रंगाची पाळी आली तसा महारुद्र बाजूला झाला. बुड आन् आटे माझे, रंग तुमचा, म्हणला. ताटात काळे होते, लाल होते, चांदीसारखे होते. आन् सोनेरी होते. सोनेरी बघून माझ्या जिवाचं पाणी झालं. थेट पोळ्याच्या शेंब्या. योगीला काळे पाहिजे होते. मी म्हणलं, "काळे नट घालून पोरगी बघायला जातो का दहाव्याला?" घेतले सोनेरी. पर निमुळत्या बुडाचे सोनेरी सगळे नव्हते, उरलेले बुधवारी एसटीनं यायचेत. मग योगी म्हणला, घरीच बसवतो. महारुद्रनं त्याला बसवायचं लय काही सांगितलं. फडक्यानं पुसून घे, फुलीसारखं समोरासमोर आवळ, आन् असंच अजून. माझं ध्यान त्या ताटात.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदमळणी. उद्या पोळा.

गोठ्यात गेले की दरवर्षी या दिवशी दोन माना माझ्याकडं वळायच्या. आम्ही खांदे धुवायचो, तूप-हळद चोळायचो, वर्षभर जू ओढून तिथली कातडी दगडासारखी झालेली असायची. चोळता चोळता बैल डोळे मिटायचा. मग त्याच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. बैलालाबी आवतन लागतं. बिनबोलावता कुणी का जेवावं?

यंदा गोठ्यात गाडी. संध्याकाळी योगीनं पुढलं एक चाक काढलं, गाडी जॅकवर उचललेली, आन् तेवढ्यात मानवतहून फोन आला. पोरगीच्या बापाचा. तो फोन घेऊन अंगणात गेला आन् सदऱ्याची गुंडी फिरवत बोलायला लागला.

मी आत डोकावले. चाक काढलेल्या जागी चार बोल्ट उघडे. जू उतरवल्यावर खांदा दिसतो, अगदी तसे. मला वाटलं, सगळं वजन यांच्याच खांद्यावर, आन् यांना कुणी विचारत न्हाई. देव्हाऱ्यातून तुपाची वाटी आणली, हळद कालवली आन् चारीच्या चारी चोळून काढले. आट्याआट्यात बोट फिरवलं. बोललेबी, आज आवतन घ्या. वरचं वरचं पदरानं पुसून घेतलं, पोराला दिसलं तर हसतंय. बाकीच्या चाकांचं राहिलं, योगी फोन ठेवून आला.

दिवेलागण झाली होती. त्यानं चाक चढवलं, सोनेरी नट लावले आन् पान्याला पाइप लावून आवळायला लागला. "आजी, काय मऊ फिरायलेत. माल लय भारी दिला महारुद्रनं." अजून थोडं, अजून थोडं, असं करत आवळलं. पुण्य करावं आन् गप बसावं. मागच्या चाकाला मात्र त्याला करकर जोर लागला. मनात म्हणलं, बघ, त्यांना मान मिळाला न्हाई म्हणून रुसलेत.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा झाला. मारुतीपुढं गावचे बैल उभे राहिले आन् सगळ्यांच्या मागं आमची गाडी, आरशाला झेंडूची माळ. उन्हात सोनेरी नट असे चमकले की लहान लेकरं हात लावून बघायलीत.

मुंजाजीनं टोमणा मारलाच. "चतुराकाकू, तुमचा बैल पुरणपोळी खातो का पेट्रोलच पितो?"

म्हणलं, "काही का खाईना, तुझ्यासारखा दुसऱ्याच्या बांधावर तर चरत न्हाई."

एक नवल सांगते. दुपारी बघितलं तर पुढल्या चाकावर मुंग्या. रांग लागलेली, नटाच्या कडेनं आत जायलीय आन् बाहेर यायलीय. बाकीच्या चाकांवर एकबी न्हाई. कमल म्हणली पुरण सांडलं असंल. मला तसं वाटत न्हाई. मुक्या जीवाला कळतं, कुठं पूजा झाली ते.

२४ ऑगस्ट, रविवार

उत्तरा, हे नीट वाच.

सकाळी निघालो. योगी गाडी चालवायला, शेजारी सूर्यभान, मागं मी आन् कमल. परभणी मागं टाकून मानवतच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडं कापूस कमरेएवढा. आन् खालून आवाज आला, कट. जशी वाळकी काडी मोडावी. मग चाकाशी काहीतरी खळखळलं आन् गेलं.

योगीनं गाडी कडेला घेतली. पुढल्या चाकाला तीनच नट. चौथा नट न्हाई आन् बोल्टबी आतूनच मोडलेला. सूर्यभान म्हणला, "मी सांगत होतो, जुनी चाकं काय वाईट होती?" योगी रस्त्यावर बसून राहिलेले नट हातानं चाचपायलाय, तोंड पांढरंफेक. पाव्हण्यांचं घर जवळ आलेलं. बैलाच्या चालीनं गाडी नेली. मी वाटभर रामनाम घेतलं, आन् मधे मधे त्या तीन नटांचंबी घेतलं.

पोरगीचे वडील पंडितराव एसटीच्या वर्कशॉपात हायेत, हे आम्हाला ठाऊक होतं. पर त्याचा अर्थ तिथं दारात कळला. राम राम करायला आले आन् हात जोडता जोडता त्यांची नजर चाकावर गेली. चहा न्हाई, पाणी न्हाई, तसेच उकिडवे बसले. हातोडी मागवली. एकेका नटाला हळूच ठोकलं आन् कान लावला. मागल्या चाकाचे नट टण्ण बोलले. पुढचे बोलले ते मडकं तडकल्यासारखे.

मग पाना लावून एक नट काढला. आतले आटे पिवळे. त्यांनी बोट फिरवलं, नाकाला लावलं.

"याला तूप कुणी लावलं?"

अंगणात सगळे उभे. दारात ती पोरगी, राजेश्री, पाण्याचा तांब्या घेऊन थांबलेली. तेव्हा मला ते कळलं. कमलच्या पुरणाचं, मुंग्यांचं, मऊ फिरायलेत म्हणत पाइप दाबणाऱ्या योगीचं, सगळं एकदम कळलं.

योगीनंबी वास घेतला. माझ्याकडं त्यानं बघितलं न्हाई. तूप-हळदीचा वास त्या घरात वाढलेल्या लेकराला कळणार न्हाई, असं कसं होईल? खाली बघून म्हणला, "मीच लावलं. गंज चढू नये म्हणून."

पंडितराव उठले. ओरडले न्हाईत, त्याचंच भ्या वाटलं. "दुकानदारानं सांगितलं नव्हतं का, कोरडं बसवायचं?"

"सांगितलं होतं."

"तरी लावलं?"

"हो."

"घरची चार माणसं घेऊन निघायच्या गाडीला. उद्या माझी पोरगी त्यात बसणार." ते सूर्यभानकडं वळले. "पाव्हणं, मी रोज लोकांची लेकरं बसतेत त्या एसटीच्या चाकाचे नट ठोकून बघतो. ज्याला एवढं..."

मी मधेच म्हणलं, "ओ पंडितराव. ते पोरगं खोटं बोलायलंय. लहानपणापासून त्याला खोटं येतच न्हाई, बघा ना कसं बोललं. तूप मी लावलं. खांदमळणी केली. बैल न्हाईत म्हणून बोल्टाची केली. आवतनबी दिलं. पोराला पत्ताच न्हाई. तो फोनवर होता, तुमच्याशीच बोलत होता."

पंडितराव माझ्याकडं बघत राहिले, मग बोटावरच्या पिवळ्याकडं. "खांदमळणी," असं हळूच म्हणले. मग मला त्यांनी ओट्यावर बसवलं आन् समोर बसून सांगितलं. त्यांच्या जागी मी असते तर कुदळ घेतली असती.

"मावशी, बैलाचा खांदा जुवाखाली घासतो, म्हणून तिथं तूप. इथं घासलंच न्हाई पाहिजे. कोरडा नट जिथं थांबायचा तिथं थांबतो आन् हाताला सांगतो, बस झालं. तूप असलं की तो घसरत पुढं पुढं जातो, हाताला काही कळत न्हाई, आन् आत बोल्ट ताणून ताणून अर्धमेला होतो."

मी म्हणलं, "म्हणजे चाक फिरतं, गाडी पळते, आन् त्याच्या ऐन मधी बसलेला हा कधी हलत न्हाई?"

"हलला तर संपलं."

मला ते एवढं थोर वाटलं की लाज विसरले. इतकी वर्षं मी चाकाचं फिरणंच बघितलं. न फिरणारं त्याच्यात बसलेलं असतं, ते आज बघितलं.

चारी बोल्ट बदलल्याशिवाय गाडी हलवायची न्हाई, असं पंडितरावांनी बजावलं. रविवारी माल मिळायचा न्हाई. पोहे झाले. राजेश्री मेडिकलच्या दुकानात काम करते, कमी बोलते. योगीनं पोहे नुसते चिवडले. ताटलीतले शेंगदाणे तेवढे एका कडेला लावले. निघताना पंडितराव म्हणले, "कळवतो."

एसटीनं घरी आलो. सूर्यभान सगळ्या वाटेत एकच वाक्य बोलला, "पोरगी बघायला गेलो आन् गाडी देऊन आलो."

२५ ऑगस्ट, सोमवार

योगीनं सदऱ्याची घडी करून ठेवली. मी त्याला म्हणलं, "खोटं कशाला बोललास?" तो म्हणला, "तुला तिथं कुणी बोललेलं मला चाललं नसतं." आन् मोटर चालू करायला शेतात गेला.

मी माझ्या हातानं त्याचा संसार मोडला. प्रेमानं मोडला, पर मोडला तर खराच. आज जास्त बोलवत न्हाई. मुंग्यांनो, जा.

२६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी पंडितरावांचा फोन. बोल्ट बसवलेत, गाडी घेऊन जा. आन् म्हणले, "एकट्यालाच पाठवा. नट त्याच्या हातानं आवळून घेतो, म्हणजे जन्माची शिकवण राहील." सूर्यभानला वाटलं, पोराला परत झाडणार. मलाबी तेच वाटलं. योगी पहिल्या एसटीनं गेला. सदरा मात्र तोच घातला, घडी मोडून.

संध्याकाळी गोठ्यात गाडी लागल्याचा आवाज आला. मी अडकित्ता घेऊन गेले. खाली बसले आन् पुढल्या चाकाच्या एकेका नटाला अडकित्त्यानं ठोकलं. टण्ण. टण्ण. चारी बोलले, देवळातल्या घंटेसारखे, जरा धाकटे. मी हात जोडले. हात कोरडे होते, बघून घेतले.

योगी हातात स्टीलचा डबा घेऊन उभा. म्हणला, "हे तुला दिलंय."

"कुणी?"

"तिनं. राजेश्रीनं."

झाकण उघडलं तर घरचं तूप, रवाळ, वास घमघम. "काय म्हणली?"

योगी इकडं बघतो, तिकडं बघतो. "म्हणली, आजीला सांगा, हे पोळीवर घ्यायचं."

"आन् तुला काय म्हणली?"

"मला कशाला काय म्हणंल? नट आवळताना पाना धरला होता तिनं." कान असे लाल की दिवा लावायची गरज न्हाई.

सूर्यभान अजून फोन हातात धरून ओट्यावर बसलाय. पाव्हणे कधी कळवतेत, म्हणून. बसू दे. माझ्या मनात आलं, पोरीला नट आवडले असतील. सोनेरी मीच निवडले होते ना, काळे घेतले असते तर कशाचं काय.

जेवताना पोळीवर ते तूप घेतलं. मग अंगणात आले आन् मानवतच्या अंगाला तोंड करून, कुणाला ऐकू जाणार न्हाई असं म्हणलं: आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.